दिवा आपला आपण लागतो

जानेवारी, गुरुवार

आज एकदाचा उन्हाळा दिसला. दक्षिण गोलार्धात तो डिसेंबरातच सुरू होतो, पण मात्सायकर बेटाला ते कुणी कळवलेलं नसावं. इथे भर जानेवारीतही कमाल तापमान सरासरी सतरा अंशांच्या आसपासच घुटमळतं आणि वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस पाऊस असतो. आज मात्र सहाच्या आधी जाग आली ती उजेडानं. खिडकीच्या काचा थरथरत नव्हत्या. स्वेटर न घालता दारात उभी राहिले, तरी काही बिघडलं नाही.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्यापासून थोडं खाली असलेलं हे बेट. 1642 मध्ये डच दर्यावर्दी आबेल टास्मान इथून गेला आणि डच ईस्ट इंडिया कंपनीतल्या एका बड्या अधिकाऱ्याचं नाव बेटाला देऊन टाकलं. तो अधिकारी इकडे कधी फिरकलाही नाही. ऑस्ट्रेलियाचं सर्वात दक्षिणेकडचं दीपगृह इथलं, आणि सध्या त्याची देखभाल आम्ही दोघं करतो. टास्मानियाचं उद्यान आणि वन्यजीव खातं सहा-सहा महिन्यांसाठी अशा स्वयंसेवक जोड्या पाठवतं. सामान आणि माणसं हेलिकॉप्टरनं येतात. बोट लावायला नीट जागा नाही.

सकाळची मोठी नोंद नऊची. वारा, तापमान, हवेचा दाब हे यंत्र मोजतं. पण ढग कोणते, समुद्र कसा आहे, लांबचं किती दिसतंय, हे माणसानंच बघायचं. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी भरलेत ते लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. आज हा म्हणाला दोन, मी म्हणाले तीन. पश्चिमेला क्षितिजाशी जी पांढरी चिंधी होती ती धरायची की नाही यावर वाद. शेवटी तीन लिहिले, कारण पेन माझ्या हातात होतं. पर्जन्यमापक रिकामा. रकान्यात शून्य लिहिताना उगाच मिजास वाटली.

लाटांची नोंद करताना मात्र आम्ही भांडत नाही. नैऋत्येकडून येणारी फुगवटी, म्हणजे लांबून येणारी संथ मोठी लाट, आणि तिच्यावर वाऱ्यानं उठलेल्या लहान लाटा, दोन्ही वेगवेगळ्या लिहायच्या. वारा पडला तरी फुगवटी येतच राहते, कारण ती कुठल्यातरी लांबच्या वादळाची असते. इथून सरळ पश्चिमेला निघालं तर ऑस्ट्रेलिया उजव्या हाताला वर राहते, आफ्रिकाही वरच राहते आणि जमीन लागते ती थेट अर्जेंटिनाची. मध्ये लाटेला अडवायला कुणी नाही. आजसारख्या शांत दिवशीसुद्धा खालच्या सुळक्यांवर पाणी आपटल्याचा आवाज घरापर्यंत येत होता, आणि त्यात सीलांचं खेकसणं.

नोंदी झाल्या की गवत.

ओळखीच्या लोकांना वाटतं आम्ही इथे दिवा सांभाळतो. दिवा आम्हाला विचारतही नाही. 1996 मध्ये जुना दिवा बंद करून लहानसा स्वयंचलित दिवा बसवला आणि शेवटचे पगारी रखवालदारही गेले. हा नवा दिवा अंधार पडला की आपला आपण लागतो, उजाडलं की विझतो. आम्ही झोपलेलो असू, आजारी असू, नाहीतर ढगांवरून भांडत असू, त्याला फरक पडत नाही. गवताला पडतो. उन्हाळ्यात दिवस पंधरा तासांचा, पाऊस भरपूर, वर पक्ष्यांच्या विष्ठेचं खत. पायवाटा, घरांभोवतीची मोकळी जागा, हेलिपॅड, सगळीकडे ते पोटऱ्यांपर्यंत येतं. पंधरवडाभर दुर्लक्ष केलं तर वाट कुठे होती ते आठवणीनं शोधावं लागेल.

म्हणून आज हेलिपॅड काढायला घेतलं. सपाट भागात मोवर चालतो, उतारावर ब्रश कटर खांद्याला अडकवून जावं लागतं. हा वर, मी खाली, म्हणजे दगड उडाला तर मला, असं मी म्हटल्यावर आम्ही जागा बदलल्या. गवताच्या कडेला पाय टाकताना जपावं लागतं. सगळी जमीन शिअरवॉटर पक्ष्यांच्या बिळांनी पोखरलेली आहे. इथले लोक त्यांना मटनबर्ड म्हणतात. एक जोडी नोव्हेंबरच्या अखेरीस एकच अंडं घालते, आईबाप आळीपाळीनं ते उबवतात आणि याच दिवसांत पिल्लं बाहेर येतात. चुकीच्या जागी पाय पडला तर आपला गुडघा मोडेल तो मोडेल, खाली एखादं बीळ पिल्लासकट मिटून जाईल. त्यामुळे वाट सोडायची नाही हा इथला सर्वात कडक नियम, आणि मला तो पटतो. दिव्याच्या नियमांपेक्षा जास्त.

दुपारी वर बुरुजात गेले. ही माझी आवडती ड्युटी. पायऱ्या संपल्या की जुनं भिंग समोर येतं. माणूस आत उभा राहू शकेल एवढं मोठं, बर्मिंगहॅमच्या चान्स ब्रदर्सनी घडवलेलं, पहिल्या श्रेणीचं (इथे श्रेणी म्हणजे भिंगाचा आकार). 1 जून 1891 ला दिवा पहिल्यांदा लागला तो याच भिंगातून. मधोमध फुगीर भिंगं, त्यांच्या वर आणि खाली लोलकांची वलयं. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलची ही मूळ युक्ती 1820 च्या दशकातली. एका अखंड जाड भिंगाचं काम वेगवेगळ्या कोनांत बसवलेल्या काचांच्या तुकड्यांकडून करून घ्यायचं. वजन कमी, काच कमी, आणि ज्योतीचा इकडेतिकडे वाया जाणारा उजेड गोळा होऊन क्षितिजाकडे जातो. आत डोकावलं की समुद्र वर आणि आकाश खाली दिसतं. कितीदा बघितलं तरी क्षणभर पाय चाचपडतात.

पडदे ओढलेले आहेत ना हे आधी बघायचं. उजेड बाहेर फेकणारं भिंग ऊन आतही तितक्याच इमानानं आणतं. दिवसा ते किरण मधोमध एकवटले तर तिथलं जे असेल ते तापून जळू शकतं. म्हणून जगभरच्या दीपगृहांत रखवालदार सकाळी दिवा विझवला की खिडक्यांना पडदे लावत आणि संध्याकाळी काढत. इथे आता मधोमध जळायला ज्योत नाही, तरी ऊन आहे. आजच्यासारख्या लख्ख दिवशी तर जास्तच. दिव्याची भीती रात्री नसून भर दुपारी असते हे इथे येईपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

काचा मऊ फडक्यानं पुसल्या. पितळेच्या चौकटीला हात लावला नाही. यावर आमचे दोन पक्ष आहेत. ह्याचं म्हणणं, पितळ चकचकीत हवं, शंभराहून अधिक वर्षं लोकांनी घासलंय. माझं म्हणणं, म्हणूनच आता थोडं कमी घासावं. प्रत्येक घासण्याला पितळाचा एक थर जातो. खारी हवा आणि ओल हे खरे शत्रू आहेत, चमक कमी होणं हा नाही. खिडकीच्या खालच्या चौकटीत गंज परत फुगलाय, पोपडा नखानं निघाला. ते आधी करायला हवं. लिहून ठेवलं.

खाली येताना नेहमीप्रमाणे त्या जुन्या लोकांचा विचार आला. एक मुख्य रखवालदार, दोन मदतनीस, तिघांची घरं, बायकामुलं. यंत्राला चावी देऊन वजन वर चढवायचं, ते हळूहळू उतरताना भिंग फिरवायचं, रात्री पाळीपाळीनं जागायचं. सुरुवातीच्या काळात टास्मानियाच्या राजधानीशी, होबार्टशी, बोलायला कबुतरं पाठवत. मी तक्रार करते ती उपग्रहावरून येणारे फोटो उघडायला वेळ लागतो म्हणून. त्यांच्या कष्टांचं कौतुक करायला मी कचरते मात्र. त्यातल्या बायकांना कुणी विचारून इथे आणलं होतं असं वाटत नाही. आम्ही अर्ज करून आलो, निवड झाली म्हणून उड्या मारल्या. हा फरक मोठा आहे.

चारनंतर पन्हळी साफ केल्या. प्यायचं पाणी छपरावरून टाकीत येतं, आणि छपरावर पक्षी बसतात, एवढंच लिहिते.

नऊच्या सुमारास सूर्य बुडाला, तरी उजेड बराच वेळ रेंगाळला. मग शिअरवॉटर आले. दिवसभर समुद्रावर असतात, अंधारल्यावर हजारोंनी एकदम परततात. उडताना इतके देखणे, पण जमिनीवर उतरायचं म्हटलं की धडपडत झुडपांत आदळतात, उठतात आणि गोंगाट करत आपापलं बीळ शोधतात. एक माझ्या टोपीला घासून गेला. एप्रिलात हे सगळे उत्तर पॅसिफिककडे निघतील, पिल्लं मागून, कुणी वाट न दाखवता. आम्ही दोघं मात्र परतीच्या वेळी हेलिकॉप्टरमध्ये वजन किती चालेल याच्या याद्या आत्तापासून करतोय.

अंदाजात उद्या दुपारी पश्चिमेकडून फ्रंट (ढग-पाऊस आणणारी हवेची आघाडी) आहे, म्हणजे पुन्हा आठ भागांत आठ ढग आणि वादाला जागा नाही. हेलिपॅडची खालची पट्टी राहिली आहे. ब्रश कटरची दोरी संपत आलीय, नवं रीळ शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागे आहे असं आधीच्या जोडीनं वहीत लिहिलंय, पण आज सापडलं नाही. हा म्हणतो, सकाळी नोंद झाली की आधी ते शोधू. मी म्हणते, तू शोध, मी खिडकीचा गंज खरवडते. पाऊस आल्यावर रंग लागणार नाही. अजून ठरलेलं नाही.