बागेत वाण कोणतं?

द्राक्षाचा व्यापारी पैसे बुडवून पळाला की आमच्याकडे म्हणतात, टोपी घातली. निफाड-दिंडोरी भागात हे नवीन नाही. शेतकरी वजनाच्या चिठ्ठ्या घेऊन पोलीस ठाण्याच्या चकरा मारतात आणि पुढच्या छाटणीला पुन्हा कर्ज काढतात. त्या वर्षी मात्र अकरा जणांनी एका वकिलाचं ऐकून थेट जिल्हा न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज लावला. कायदा 1920 चा, इतका जुना की धनकोचं येणं निदान 500 रुपये हवं, अशी त्यात अट आहे! 2016 च्या नव्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच लागू झालाय. बाकीच्यांना अजून हाच म्हातारा कायदा.

व्यापारी दिवाळखोर ठरला आणि आमचे वकील सर रिसीव्हर, म्हणजे त्याची मालमत्ता ताब्यात घेऊन येणेकऱ्यांना वाटणारे, नेमले गेले. मी त्यांची ज्युनिअर. ताब्यात काय आलं, तर भाड्याचं गोदाम आणि प्लास्टिकचे क्रेट. मग सातबारा काढला. एक हेक्टर साठ आर द्राक्षबाग हंगामाच्या आधी, सप्टेंबरातच सख्ख्या मेहुण्याच्या नावावर चढली होती. जानेवारी ते मार्च उधारीवर माल उचलला, एप्रिलमध्ये गाळ्याला कुलूप, जूनमध्ये शेतकऱ्यांचा अर्ज.

1920 च्या कायद्याच्या कलम 53 प्रमाणे विक्रीपासून दोन वर्षांच्या आत अर्ज झालेला असेल, आणि घेणाऱ्याने सद्भावनेने व मोबदला देऊन घेतलेलं नसेल, तर कोर्ट ती विक्री रद्द करू शकतं. मुदतीत आम्ही आरामात बसत होतो. पण घेणाऱ्याची नियत खोटी होती हे सिद्ध करायचं ओझं रिसीव्हरच्याच डोक्यावर.

इंडेक्स टू वर, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, दोन आकडे शेजारी शेजारी होते : मोबदला 14 लाख, बाजारभाव 33 लाख. मुद्रांक शुल्क भरलं होतं 33 लाखांवर. मला वाटलं, झालं काम. सर म्हणाले, "पोरी, नुसत्या आकड्यावर खरेदीखत पडत नाही." खरंच होतं. समोरचे वकील म्हणाले, रेडीरेकनर म्हणजे सरकारी अंदाज, जमीन निचऱ्याची नाही, नातेवाईक अडचणीत होता म्हणून घेतली. न्यायाधीश लिहून घेत होते.

उलटतपासाला सरांनी पैशांवरून सुरुवात केली. चार लाख चेकने, दहा लाख रोख. रोख कुठून आली? "घरात होती." 2015 पासून जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यापुढे रोख घेता येत नाही, हे सरांनी काढलं. त्यावर लगेच हरकत : दंड होईल, खरेदीखत कसं पडेल? अर्धा तास गेला. मेहुणा नाशिकात नोकरीला होता, इस्त्रीचा शर्ट, पिंजऱ्यात अगदी निवांत उभा.

माझं माहेर दिंडोरीचं. आमच्याही दोन एकर बागा आहेत. मी चिठ्ठी सरकवली : "वाण विचारा."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना द्राक्ष फक्त खायला माहीत. तरी विचारलं.

"बागेत वाण कोणतं आहे?"

"थॉमसन."

पाहणीला मी स्वतः गेले होते. बाग शरद सीडलेसची, काळ्या द्राक्षांची. फोटो प्रकरणात लावलेले होते. मी दुसरी चिठ्ठी दिली.

"खरेदीनंतरची पहिली गोडी छाटणी कधी केलीत?"

"एप्रिलमध्ये."

मागच्या बाकांवर बसलेले आमचे अकरा जण फसकन हसले. शिपाई ओरडला. न्यायाधीशांनी मान वर केली आणि हसण्यासारखं काय आहे म्हणून सरांना विचारलं. सर माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहून सांगितलं, एप्रिलची ती खरड छाटणी, गोडी छाटणी ऑक्टोबरात होते, आणि ही चूक बागायतदाराच्या दहा वर्षांच्या पोरालाही होणार नाही. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.

मग प्रश्न न्यायाधीशांनीच विचारले. छाटणीची मजुरी कोणी दिली? "मेहुण्यांनीच पाहिलं," म्हणजे व्यापाऱ्यानेच. माल कोणी विकला? "त्यांनीच." पैसे कोणाकडे गेले? मेहुणा गप्प. "साक्षीदार गप्प राहिला" असं नोंदवलं गेलं.

बाहेर व्हरांड्यात त्याने मला गाठलं. "मॅडम, चेकचे चार लाख खरे होते हो. हिचा भाऊ म्हणून दिले." ती, म्हणजे व्यापाऱ्याची बहीण, पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्याला म्हणावं, बाकीच्यांसारखा क्लेम लाव. पाहू."

विक्री रद्द झाली. पण सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता, तो आधी फेडायचा. त्यात दोन वर्षं ऑक्टोबरची छाटणी कोणी केली नाही, वेलींचे ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, सुकले, मांडवाच्या तारा गंजल्या. लिलावाला आलेल्यांनी बाग म्हणून नाही, मोकळं रान म्हणून बोली लावली.

त्या अकरांपैकी एक काका अजून दर महिन्याला फोन करतात. "ताई, रुपयाला किती पैसे पडतील?" मी म्हणते, हिशेब चालू आहे काका.