आमची वाटचाल : पुष्कराज, टोपाझ आणि समोरचं दुकान

कोल्हापूरच्या गुजरीत वडिलांनी दुकान थाटलं ते मोत्या-पोवळ्यांवर. नवरत्नं मी हाती घेतल्यावर आली. मधली वर्षं बरी गेली. लिहायचं आहे ते नोटबंदीनंतरच्या काळाबद्दल, कारण तेव्हा आमचं दुकान बुडता बुडता वाचलं.

समोरच्या ओळीत एक नवं दुकान आलं आणि 'सिलोनी पुष्कराज' आमच्या निम्म्याहून कमी भावात विकू लागलं. खडा पिवळाधमक, आत काडीचा दोष नाही. आमच्या खड्यांत भिंगाखाली रेशीम (आतल्या सुयांसारख्या बारीक रेषा) दिसायचं, रंगाचे पट्टे दिसायचे. अस्सल मालाची हीच खूण, पण गिऱ्हाईक म्हणायचं, "तुमच्यात डाग आहेत." वडिलांच्या वेळची घरं पायरी चढेनाशी झाली. आम्ही लुबाडतो, असंही गल्लीत बोललं गेलं. ते आजही बोचतं.

कागलच्या एक काकू मात्र आमच्याकडेच येत राहिल्या. त्यांच्या जावयाने समोरून अंगठी घेतली होती. ती फरशीवर आपटली आणि खडा दुभंगला. तुकडे रुमालातून काढत काकू म्हणाल्या, "बाळ, ह्ये काय हाय ते खरं सांग."

तुटलेली बाजू आरशासारखी सपाट होती. पुष्कराज, म्हणजे पिवळा नीलम, सहसा असा सरळ फुटत नाही. टोपाझ, म्हणजे दिसायला तसाच पण वेगळ्या जातीचा स्वस्त खडा, मात्र एका दिशेने फळीसारखा चिरतो. जडवणारे कारागीर त्याला जपून हात लावतात ते म्हणूनच. तरी नजरेवर भरवसा ठेवायचा नाही, हा आमचा शिरस्ता. मोठा तुकडा हवेत बरोबर 4 कॅरेट भरला. मग काट्याला तार लावून पाण्यात तोलला, तर 2.87. पुष्कराज असता तर 3 भरला असता, कारण त्याची घनता 4.00 आणि टोपाझची 3.53 च्या आसपास. शेवटी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वाकतो ते मोजणारं यंत्र. काचेवर द्रवाचा थेंब, त्यावर खडा पालथा, डोळा भिंगाला. सावलीची रेघ 1.62 पाशी थांबली, म्हणजे टोपाझच. पुष्कराजाची 1.76 च्या पुढे दिसते. काकूंनाही डोळा लावायला लावला आणि शेजारी आमचा खडा ठेवून फरक दाखवला.

काकूंनी ही गोष्ट गावभर सांगितली. लोक अंगठ्या घेऊन तपासायला येऊ लागले आणि त्यातलेच पुढे गिऱ्हाईक झाले. दुकान सावरलं ते असं.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो : दुकानाला एसी नंतर बसवा, आधी रिफ्रॅक्टोमीटर घ्या. दुधात खडा टाकून काही कळत नाही. आणि कडकपणा बघायला गिऱ्हाइकाचा खडा कधीही ओरखडू नका. पुष्कराज मोहच्या मापात 9, टोपाझ 8. टोपाझवर चरा उठेल आणि तुमच्या नावावर बट्टा लागेल. जिथं खडा न दुखावता उत्तर मिळतं, तिथं ओरखडा कशाला?

काकूंच्या जावयाला पैसे परत मिळाले नाहीत. बिलावर नुसतं 'पिवळा खडा' लिहिलं होतं, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. आमच्या बिलावर तेव्हापासून रत्नाची जात, कॅरेटमधलं वजन आणि खडा रंग खुलवायला तापवलेला आहे की नाही, हे तिन्ही लिहिलेलं असतं. कुठूनही घ्या, एवढं लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नका.