फोडातला दोरा

हडपसर ओलांडेपर्यंत मी आमच्या दिंडीला तीनदा मागे टाकलं होतं. पंधरा वर्षं पुण्यात ऑफिस गाठून पायांना तेवढंच येतं. तिसऱ्यांदा एक पताकावाला पोरगा हसत म्हणाला, "माउली, पताका मागं राहिल्या." दिंडीत पताका पुढे, मग टाळकरी, पखवाज, वीणेकरी, आणि त्यांच्यामागे तुळशीवाल्या बाया. माझी जागा तिथे होती. मुकाट्यानं मागे आले.

ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर पुणे ते लोणंद, एवढंच ठरवलं होतं. पुणे-सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, त्यात एकादशी. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जोडतात, आणि मग रथ चढेल तसा सगळा घाट चढतो. मधेच थांबायचं, अभंग होईपर्यंत उभं राहायचं, पुन्हा दहा पावलं. सेल्फीवाल्यांची गर्दी आणि कडेला केळीच्या सालींचा खच. सगळंच काही मंगल नव्हतं. पण तो थांबत थांबत झालेला चढ मला दमवेना, हे नवल होतं. हडपसरपर्यंतच्या सपाट रस्त्यानं मात्र टाच फोडून ठेवली होती.

सासवडला दोन रात्री मुक्काम असतो. दुसऱ्या दिवशी पंगतीत बसले, एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. शेजारी परभणीकडच्या आजी होत्या. त्या म्हणाल्या, "माय, आधी जेवून घे. भाकर कुठं पळून चालली का?" मोबाइल पिशवीत गेला. पिठल्यात लसूण जरा जास्तच होता, हे तेव्हा कळलं.

जेवण झाल्यावर त्यांची नजर माझ्या टाचेवर गेली. पिशवीतून सुई काढली, काडी ओढून टोक तापवलं, दोरा ओवला आणि फोडातून आरपार नेला. दोन्ही टोकं बोटभर ठेवून तोडली. दोऱ्यावाटे पाणी झिरपतं, कातडं शाबूत राहतं. "ओढायचा न्हाई. हलायचं बी न्हाई." मी अर्धा तास राहुटीच्या सावलीत पाय लांब करून बसले. आजी लुगड्याला टाका घालत होत्या. त्यांना बोलायची गरज वाटेना, मलाही वाटेनाशी झाली.

जेजुरीत भंडाऱ्यानं सगळे पिवळे झालो. संध्याकाळी तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहिल्या. हजारो टाळ एकदम वाजत होते. चोपदारांनी दंड उंचावून हाळी दिली आणि सगळं गप्प झालं. एकाच दिंडीचे टाळ वाजत राहिले. ज्यांची तक्रार असेल त्यांनी वाजवत राहायचं, अशी रीत आहे. चोपदार तिकडे गेले, म्हणणं ऐकून घेतलं, मगच आरती. तोवर एवढा समाज उभा होता, आणि कुणी चुळबूळ केली नाही. आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये माझं म्हणणं ऐकायला सात माणसं गप्प राहत नाहीत.

वाल्हे झालं. नीरेत पादुकांचं स्नान पाहिलं. लोणंदहून एसटी पकडली, दारातून आजींना वाकून नमस्कार केला. त्या पुढे पंढरीपर्यंत जाणार होत्या.

घरी आले तर ओट्यावर जाऊबाई. सासूबाईंचं पथ्य, मुलांचे डबे, सगळं त्यांनी आठवडाभर ओढलं होतं. माझ्या निवांतपणाचं बिल त्यांच्या नावावर फाटलं होतं, हे वारीत एकदाही मनात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या मी केल्या. त्यांना म्हटलं, "बसा हो, गरम आहे तोवर खाऊन घ्या." त्या संशयानं बघत बसल्या. मीही ताट घेऊन शेजारी बसले. ओट्याशी उभ्यानं खायची सवय, त्यामुळे मांडी घातल्यावर दोघींनाही काय बोलावं कळेना. शेवटी त्यांनी माझ्या टाचेकडे बोट केलं, "हा दोरा कसला?"

म्हटलं, ओढू नका, सांगते.