अर्धा जिराफ

परवा दुपारी कपाटातल्या जुन्या फायली आवरताना एका फायलीतून कागदाचा जाडसर चौकोन खाली पडला, आणि तो हातात घेताच माझ्या कपाळावर आपोआप आठी उमटली. दोन कागदांच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेला, तळहातात मावेल एवढा, कडा नखाने दाबून पक्क्या केलेला तो चौकोन म्हणजे कोरियन मुलांची तक्जी. ते कागद मी रात्री जागून तयार केलेल्या इंग्रजीच्या स्वाध्यायाचे होते, हे मला घडीतून डोकावणाऱ्या अर्ध्या जिराफावरून कळले.

२०१७ ते २०१९ अशी दोन वर्षे नवऱ्याच्या संशोधनामुळे आम्ही दक्षिण कोरियात देजॉनला राहत होतो. माझ्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती, म्हणून वसाहतीतल्या छोट्या वाचनालयात दर शनिवारी आठ-दहा मुलांना हौसेने, म्हणजे फुकट, इंग्रजी शिकवण्याचे मी पत्करले. तिथे १९९७ पासून शाळेत तिसरीतच इंग्रजी सुरू होते. पण खरे इंग्रजी हागवॉनमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या क्लासमध्ये शिकायचे असते, असा आयांचा ठाम समज असल्यामुळे संध्याकाळभर पिवळ्या गाड्या मुलांना या क्लासमधून त्या क्लासमध्ये पोचवत असत. अशा आठवड्यानंतर शनिवारी पुन्हा इंग्रजीला बसवलेल्या मुलाने दंगा केला तर तो समजून घ्यायला हवा, असे आज मला वाटते. तेव्हा वाटत नव्हते.

असा एक मुलगा माझ्या वर्गात होता, चौथीतला. इंग्रजीच्या वर्गात मुलांनी इंग्रजी नाव घेण्याची तिथे पद्धत आहे, आणि तिचा त्याच्याइतका कसून उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल. पहिल्या शनिवारी तो टायगर होता, दुसऱ्या शनिवारी किंग आणि तिसऱ्या शनिवारी पिझ्झा. मागच्या आठवड्याच्या नावाने हाक मारली की तो मान वळवून, हा टायगर कोण बुवा, अशा कुतूहलाने मागे पाहत असे आणि वर्ग हसून लोळत असे. मी इंग्रजीची शिक्षिका असूनही अमेरिकन नाही, याचाही त्याने सोक्षमोक्ष लावला होता. ‘इन्दो! खारे!’ असे तो जाहीर करी. खारे म्हणजे त्यांच्याकडचा करीभात.

हे सगळे चालण्यासारखे होते. न चालण्यासारखी गोष्ट म्हणजे तक्जी. आपली तक्जी दुसऱ्याच्या तक्जीवर अशी आपटायची की खालची उलटली पाहिजे. उलटली की ती आपली. वाचनालयाची जमीन खालून तापवलेली, मुले बूट काढून तिच्यावरच बसत, आणि त्या गुळगुळीत जमिनीवर स्वाध्यायाची तक्जी बसली की बंदुकीसारखा बार होई. ज्या देशात नोव्हेंबरमधल्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असेपर्यंत विमाने उडू आणि उतरू देत नाहीत, त्या देशात मला एका पोराच्या कागदाचा आवाज थांबवता येत नव्हता.

माझी मुख्य अडचण अशी की मी लहानपणी दंगा केलेलाच नाही. वाईच्या शाळेत मी मॉनिटर होते. आम्हांला इंग्रजी पाचवीपासून, आणि इंग्रजीचे सर येईपर्यंत बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिणे हे माझे काम. पुन्हा बोलला की नावापुढे फुली. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचे नाव मी तो बोलण्याआधीच लिहून ठेवीत असे, कारण तो बोलणार हे ठरलेलेच होते. सर आले की तो न सांगता बाहेर जाऊन अंगठे धरून उभा राहायचा. माझे अक्षर तेव्हा फार सुरेख होते.

वाचनालय सांभाळणाऱ्या साठीच्या बाईंना मी ही शिक्षा एकदा प्रत्यक्ष वाकून दाखवली, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनीही गुडघ्यांवर बसून, दोन्ही हात सरळ वर धरून त्यांच्या शाळेतली शिक्षा मला करून दाखवली. तिथल्या शाळांत छडी आणि मार २०११ पासून बंद आहे. आम्ही दोघी अशा अवस्थेत असताना पिझ्झा दारात उभा होता. त्यानंतर महिनाभर तो वर्गात शिरताना आधी अंगठे धरून मला वंदन करी, आणि मग दंगा सुरू करी.

एका शनिवारी त्याने माझ्यादेखत जिराफाचा नवा कोरा कागद उचलला आणि माझा तोल गेला. ‘ए, फाडू नकोस!’ मी मराठीत ओरडले. मुले चिडीचूप झाली. कोरियन भाषेत दात ओठावर टेकवून काढायचा इंग्रजी एफ नाही; त्याऐवजी ती मुले दोन्ही ओठ मिटून, माझ्या आजीच्या फळातला फ काढत, आणि तो सोडवण्यासाठीच मी महिनोन्महिने जिराफ, फिश, फॉक्स असले प्राणी गोळा करत होते. माझ्या तोंडून त्यांचाच फ बाहेर पडलेला पाहून त्याचा चेहरा उजळला. ‘फादुनागो!’ त्याने तक्जी आपटत आरोळी दिली, आणि पुढे प्रत्येक डावाची तीच आरोळी झाली. माझ्याकडून तो शिकला ते एवढेच.

मग मला शिक्षकाला सुचते तशी युक्ती सुचली. जो तक्जी उलटवील त्याने तिच्यावरच्या प्राण्याबद्दल एक इंग्रजी वाक्य बोलायचे, असा नियम मी केला आणि त्या दिवशी वर्ग फार छान झाला. सगळे खेळले, एकटा तो सोडून. तो हाताची घडी घालून माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहत होता. निघताना त्याने आपली तक्जी माझ्या टेबलावर ठेवली, आणि पुढच्या शनिवारी खोडरबर टिचकीने उडवून दुसऱ्याचे खोडरबर जिंकण्याचा खेळ सुरू केला. त्याला निदान आवाज नव्हता.

ही तीच तक्जी असावी. उलगडून पाहावी असे एकदा मनात आले, पण एवढी पक्की घडी मोडवेना. म्हणून दुसऱ्या एका फायलीतल्या कागदांची, जमेल तशी, मी आणखी एक केली, ती फरशीवर ठेवली आणि जिराफाची तक्जी जोर लावून तिच्यावर आपटली. बार झाला नाही. खालची हललीसुद्धा नाही.

‘फादुनागो!’ मी म्हटले.

‘कोण आलंय?’ नवऱ्याने आतून विचारले.