खोगीर आहे, घोडा नाही

बाबा न्यू जर्सीला आले की दरवेळी कुठे ना कुठे जाणं होतं. या वेळी गेटिसबर्ग ठरलं. बाबांची सगळी नोकरी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली. अमेरिकन यादवी युद्धाबद्दल त्यांना लिंकन आणि गुलामगिरी एवढंच ठाऊक होतं, पण तिथे घोडदळाची स्मारकं आहेत म्हटल्यावर ते सकाळी सहालाच तयार होऊन बसले.

1 ते 3 जुलै 1863 या तीन दिवसांत पेनसिल्व्हेनियातल्या या छोट्या गावाभोवती दोन्ही बाजूंची मिळून सुमारे 51,000 माणसं मेली, जखमी झाली, पकडली गेली किंवा बेपत्ता झाली. बहुतेक प्रवासी तिसऱ्या दिवसाचं मैदान बघायला गावाच्या दक्षिणेला जातात. आम्ही मुद्दाम पश्चिमेकडून सुरुवात केली, कारण लढाई तिकडूनच आली.

रूट 30 म्हणजे तेव्हाचा चेंबर्सबर्गचा रस्ता. गावापासून तीनेक मैलांवर एका जुन्या घरापाशी एक लहानसा दगडी खांब आहे. शोधला नाही तर दिसणारही नाही. हे घर तेव्हा एका लोहाराचं होतं. खांबावर कोरलंय: गेटिसबर्गची पहिली गोळी, 1 जुलै 1863, सकाळी 7.30. उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या बाजूच्या, आठव्या इलिनॉय रिसाल्याचे लेफ्टनंट मार्सेलस जोन्स इथे पहाऱ्यावर होते. पश्चिमेला मार्श क्रीक या ओढ्याच्या बाजूने धुळीतून दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचं सैन्य येताना दिसलं, तेव्हा त्यांनी सार्जंट लेव्ही शेफरची कार्बाइन, म्हणजे स्वारांची आखूड बंदूक, मागून घेतली आणि घोड्यावर बसलेल्या एका अधिकाऱ्याच्या दिशेने गोळी झाडली. पुढे 1886 मध्ये जोन्स, शेफर आणि त्यांचा एक साथीदार अशा तिघांनी हा खांब इथे आणून उभारला. सरकारची वाट बघितली नाही. त्या पहिल्या गोळीवर नवव्या न्यूयॉर्क रिसाल्यानेही हक्क सांगितला होता आणि तो वाद बरीच वर्षं चालला. माझा कौल जोन्सना, कारण तेवीस वर्षांनीही ज्यांना नेमकी जागा आठवते, दगड आणून रोवावासा वाटतो, त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

तिथून गावाकडे परत येताना मॅकफर्सन रिज लागते. रिज म्हटलं तरी डोंगर नव्हे, शेतांतून गेलेला लांबट, बुटका चढ. मॅकफर्सनचं धान्याचं कोठार अजून उभं आहे. रस्त्याच्या कडेला उत्तरेच्या दोन सेनापतींचे पुतळे शेजारी शेजारी आहेत. जनरल रेनॉल्ड्स पायदळ घेऊन मदतीला आले आणि त्याच सकाळी मारले गेले. ते घोड्यावर आहेत. जनरल जॉन ब्यूफर्ड घोडदळाचे, ते मात्र जमिनीवर उभे आहेत, हातात दुर्बीण, नजर पश्चिमेला. बाबांनी विचारलं, "अरे, घोडदळाच्या माणसालाच घोडा नाही?"

त्या प्रश्नातच त्या दिवसाची सगळी लढाई आहे. ब्यूफर्ड घोडदळाची बिनीची फौज घेऊन आदल्या दिवशीच गावात पोचले होते. गावाच्या दक्षिणेकडच्या टेकड्या आपल्या हाती राहायला हव्यात हे त्यांनी ओळखलं होतं, आणि त्यासाठी पायदळ येईपर्यंत शत्रूला पश्चिमेलाच अडकवून ठेवायचं होतं. समोर दक्षिणेचे जनरल हेथ यांची पायदळाची अख्खी डिव्हिजन, म्हणजे हजारो माणसं, आणि या रस्त्यावर कर्नल विल्यम गॅम्बल यांचे जेमतेम 1,600 स्वार. त्यांनी स्वारांना उतरवलं. कुंपणाआड, गवतात आडवं करून लढवलं. त्यांच्या कार्बाइन मागून भरायच्या होत्या, त्यामुळे पडल्या पडल्या पुन्हा भरता यायच्या. समोरच्या पायदळाला मात्र लांब बंदुकीच्या तोंडातून दारू ठासावी लागे. (या स्वारांकडे एकदा भरून सात गोळ्या झाडणाऱ्या बंदुका होत्या असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही, या एकेरी गोळीच्याच होत्या.) एक एक चढ सोडत ते हळूहळू मागे सरकले, आणि दहाच्या सुमारास रेनॉल्ड्स यांचं पायदळ येईपर्यंत सुमारे अडीच तास निघाले.

उतरून लढताना चारांतले तीन स्वार पुढे जायचे आणि चौथा चारही घोडे धरून मागे थांबायचा. म्हणजे 1,600 मधले चारशे वजाच. हे ऐकून बाबा थबकले. "तोफा चालू असताना चार घोडे एका माणसाने?" घोड्यांना छोट्या पट्ट्यांनी एकमेकांच्या लगामाला अडकवत, हे मी सांगितलं. ते म्हणाले, "अडकवले तरी घोडा कानाने घाबरतो. एक बिथरला की चारही उधळणार. त्या पोराने सतत बोलत राहायला हवं त्यांच्याशी. हात मानेवर, आवाज हळू." आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आठव्या इलिनॉयचं स्मारक रेनॉल्ड्स अव्हेन्यूवर आहे. पुतळा नाही, ग्रॅनाइटचा जाडजूड चौथरा, आणि वर दगडात कोरलेलं खोगीर. त्यावर स्वार नाही, खाली घोडा नाही. 1891 मध्ये त्याचं लोकार्पण झालं. या रिसाल्याचा त्या दिवशी एकच माणूस मारला गेला, ई कंपनीचा डेव्हिड डिफेनबॉ. 51,000 च्या आकड्यानंतर हे एक नाव वाचून मला गलबलून आलं. त्या अडीच तासांची किंमत थोडी म्हणावी असं मला वाटत नाही. ब्यूफर्ड स्वतःही त्याच वर्षी, 16 डिसेंबरला विषमज्वराने गेले. त्यांच्या पुतळ्याच्या पायाशी त्या सकाळी चाललेल्या चार तोफांच्या नळ्या ठेवल्या आहेत, त्यातल्या 233 क्रमांकाच्या नळीतून उत्तरेच्या बाजूचा पहिला तोफगोळा सुटला होता.

बाबांनी दगडी खोगिरावरून नजर फिरवली, जणू पाठीला नीट बसलंय का बघतायत. मग म्हणाले, "घोडे कुठे थांबले असतील?" मी चढाच्या मागचा, गावाकडचा उतार दाखवला. तिथे खांब नाही, पाटी नाही, नुसतं कंबरेएवढं गवत. बाबा काठी टेकत तिकडे उतरले आणि उन्हात बराच वेळ उभे राहिले. मीही हाक मारली नाही.