अमरसिंहांचा घोडा: मान पुरी झाली

जुन्या लघुचित्राच्या नमुन्यावरून मी काढतेय त्या घोडेस्वार राजाच्या चित्रात घोड्याची मान आणि डोकं झालं. धड, पाय आणि स्वार बाकी आहेत, पण या चित्राचा सगळा जोर मानेत आहे, म्हणून इथवरचं लिहून ठेवते.

नमुना मेवाडचा. उदयपूरचे महाराणा दुसरे अमरसिंह (कारकीर्द १६९८ ते १७१०) यांच्या पदरी एक चितारी होता. त्याचं नाव टिकलं नाही, अभ्यासक त्याला ‘स्टिपल मास्टर’ म्हणजे ठिपक्यांचा उस्ताद म्हणतात. मेवाडी कलम, म्हणजे तिथली चित्रशैली, म्हटलं की लाल-पिवळे सपाट रंग डोळ्यांपुढे येतात. या माणसाने रंग जवळजवळ बाजूलाच ठेवले आणि काळ्या-करड्या ठिपक्यांतून राजा घडवला. सोनं, रंग फक्त दागिने, पगडी अशा मोजक्या जागी. मला हे फार धाडसाचं वाटतं.

वसलीवर (कागदाचे थर चिकटवून केलेल्या जाड कागदावर) गेरूचा खाका म्हणजे कच्चं रेखाटन, वरून सफेद्याचा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, पातळ हात, मग काजळाच्या शाईने पक्की रेघ आणि अकीकाच्या दगडाने घोटाई, इथपर्यंत नेहमीचंच. आता चाललंय ते दाणा परदाज, म्हणजे बारीक ठिपक्यांनी छटा भरणं. खारीच्या केसांचा कुंचला शाईत बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा करायचा आणि नुसतं टोक टेकवायचं. गळ्याखाली, जबडा मानेला मिळतो तिथे ठिपके दाट. आयाळीकडे जाताना ते विरळ होत कोऱ्या कागदात मिसळतात. तिथे गोलाई रेघेने दाखवायला गेलं की मान चपटी पडते. एकाच जागी दाटपणा वाढवत न बसता सगळ्या मानेवरून पुन्हा पुन्हा हलका हात फिरवला की छटा आपोआप वळते.

कानांवर मुद्दाम वेळ दिला. मारवाडी जातीचे कान आत वळतात, टोकं एकमेकांना भिडायला येतात. ती कमान चुकली तर घोडा राजपुतान्यातला राहत नाही.

आणि हनुवटी छातीकडे ओढलेली ही मान म्हणजेच राजाची सत्ता आहे असं मला वाटतं. स्वार ताठ, चेहरा एकचश्मी (बाजूने, एकच डोळा दिसणारा) आणि शांत, लगाम बोटांत सैल. ताकद सगळी खाली घोड्यात दिसते आणि ती काबूत ठेवणारा वर निवांत बसलेला असतो.

पुढे पोट आणि मग स्वाराचा जामा, म्हणजे लांब घेरदार अंगरखा. झिरझिरीत मलमलीतून आतला पायजमा दिसला पाहिजे, तेही फक्त ठिपक्यांनी. कुणी हे केलं असेल तर आधी पायजमा भरता की जाम्याच्या चुण्या, जरूर सांगा.