बांध फोडून पूल बांधला राव

अमळनेरकडच्या माणसाला धरण म्हटलं की पाडळसरेच आठवतं, ते कधी पूर्ण होतंय याची वाट बघण्यात आपली किती वर्षं गेली ते सांगायला नको. त्यामुळे इथं मॉन्क्टनला नदीतला बांध फोडून तिथं पूल बांधलाय असं आप्पांना फोनवर सांगितलं तर ते म्हणे, "मंग बांधं कसाले व्हतं?"

प्रश्न रास्त आहे. मॉन्क्टन म्हंजे कॅनडाच्या पूर्वेला, न्यू ब्रन्सविक प्रांतात. इथली पेटिकोडियाक नदी पुढं बे ऑफ फंडीला मिळते आणि त्या खाडीची भरती-ओहोटी जगात सगळ्यात मोठी, काही ठिकाणी पाण्याच्या पातळीत १६ मीटरपर्यंत फरक पडतो. १९६८ मध्ये मॉन्क्टन आणि समोरचं रिव्हरव्यू जोडायला नदीत भराव टाकून रस्ता केला आणि पाण्याला फक्त पाच दरवाजे ठेवले. रस्ता होईल, वरच्या शेतात खारं पाणी घुसणार नाही, वर गोड्या पाण्याचं तळंही होईल, असा हिशोब होता.

घोळ झाला गाळाचा. आपल्या हतनूरला गाळ वरून येतो, पुरासोबत, आणि धरणाच्या मागं साठतो. इथं गाळ येतो समुद्राकडून! भरती गढूळ पाणी आत ढकलते आणि ओहोटीला तेच पाणी जोरात माघारी जाताना गाळ धुऊन नेतं, पण भरावामुळं भरती वर जाईना, मग माघारी जायला पाणीच कमी आणि धुवायला जोरच नाही, त्यामुळं गाळ भरावाच्या खालच्या बाजूला बसत गेला आणि मॉन्क्टनजवळ पात्र आवळून एवढंसं झालं. वर अंडी घालायला जाणाऱ्या सामन, शॅड माशांची वाट बंद झाली, त्यांच्यासाठी केलेला मार्ग काही कामाचा निघाला नाही. २००३ मध्ये एका पर्यावरण संस्थेनं कॅनडातली सगळ्यात धोक्यात असलेली नदी म्हणून हिचंच नाव घेतलं.

भांडणं खूप वर्षं चालली. शेवटी १४ एप्रिल २०१० ला दरवाजे कायमचे उघडले. पण पाच दरवाजे म्हंजे किती जागा हो, म्हणून मग ६ कोटी डॉलरच्या वर खर्च करून २४० मीटरचा पूल बांधला, सप्टेंबर २०२१ मध्ये त्यावरून गाड्या सुरू झाल्या आणि नंतर तेवढा भराव काढून नदी पुलाखालून सोडली. माझं मत विचाराल तर मोठं काम दरवाजे उघडले तेव्हाच झालं, पण पुलाशिवाय ते अर्धवटच राहिलं असतं.

इथं भरतीची लाट बघायला लोक टाइम बघून काठावर येऊन थांबतात. आधी नदी खाली वाहत असते, चॉकलेटी पाणी, दोन्हीकडं चकचकीत ओला चिखल. मग लांबून खळखळ ऐकू येते, एक आडवी पांढरी रेघ पात्रभर सरकत येते, आणि आत्ता समुद्राकडं चाललेली फांदी जागच्या जागी गिरकी घेऊन उलटी वर जायला लागते. पूर्वी ही लाट दोन मीटरपर्यंत उठायची म्हणे, भरावानंतर ती पार मेली होती. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या दोघा सर्फरनी याच लाटेवर सलग २९ किलोमीटर अंतर कापलं.

सगळे खुश आहेत असं नाही हां. तळ्याकाठी घरं घेतलेल्यांचं तळंच गेलं, त्यांनी दरवाजे उघडायला विरोध केला होता आणि मला तो चुकीचा वाटत नाही, आपणही तेच केलं असतं. सामनचंही अजून अवघडच आहे, फोर्ट फॉली इथला मिकमॅक हा मूळनिवासी समाज मासे वाढवून नदीत सोडायच्या कामात आहे.

आणि खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून अख्खी नदी अडवायची गरजच नव्हती की! १७व्या शतकात फ्रान्सहून या भागात आलेले अकाडियन शेतकरी शेताच्या कडेनं मातीचा बांध घालून त्यात लाकडी झडप बसवायचे, ओहोटीला आतलं गोडं पाणी झडप ढकलून बाहेर जायचं, भरती आली की तिच्याच दाबानं झडप बंद. पांझरा नदीवरच्या आपल्या फडाच्या बंधाऱ्यांचंही तसंच, गरजेपुरतं पाणी शेताकडं वळवलं की बाकीची नदी आपली पुढं मोकळी. आप्पांना हे झडपेचं लगेच पटलं, आता ते चित्र काढून पाठव म्हणतायत.